राणीनं कांडलेल्या जवांची कहाणी

ऐका अन्नपूर्णे आई, तुझ्या जवांची कहाणी. बायांनो, हातांत जवाचे पाच दाणे घ्या नि चित्त इकडे द्या.

आटपाट नगरी, नगरीला एक राजा. राजाची राणी कनकावती, नि राजाची विधवा बहीण आवडी. राणीच्या सासूनं दोघींना वसा दिला होता. चैत्रातल्या शुक्रवारी नवे जव आणावे, आपल्या हातानं कांडावे, त्यांची पेज करावी. पहिली वाटी भुकेल्याला द्यावी, मग घरानं घ्यावी. सासू होती तोवर दोघींनी वसा पाळला. सासू गेली नि राणीच्या हाताला मुसळ जड झालं.

एका चैत्रात आवडी जव पाखडत बसली होती. राणीच्या माहेरच्या बायका पाहुण्या आल्या. त्या हसल्या. "अगंबाई, राजाच्या घरी घोड्याचं धान्य शिजतं का?" राणीला लाज वाटली, लाजेचा राग झाला. तिनं सूप भिरकावलं, जव अंगणभर सांडले. म्हणाली, "वन्सं, तुमचे जव घ्या नि तुमची वाट धरा. माझ्या वाड्यात हे नको." आवडीनं दाणा दाणा वेचला, पदरात बांधला, उंबऱ्याला हात लावला नि निघाली.

राजा मोहिमेवर होता. परत आला, विचारता झाला, "आवडी कुठं आहे?" राणी म्हणाली, "तीर्थाला गेल्या." राजानं खरं मानलं.

आवडी नदीकाठी गेली, खोप घातली, पदरातले जव पेरले. मुठीचे टोपलीभर झाले. त्यावर ती राहिली.

तीन वर्षं झाली. राणीची लेक शेवंती माहेरी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. मग काय झालं? सहाव्या दिवशी शेवंतीला ताप भरला. ताप उतरला, पण पोटात अन्न ठरेना. दूध दिलं, उलटलं. भात दिला, उलटला. शिरा दिला, उलटला. अंगावरचं दूध आटलं. बाळ रडून रडून दमलं, मग रडेनासं झालं. दाईच्या दुधालाही तोंड लावीना. राणीच्या काळजाचं पाणी झालं.

वैद्य आला, नाडी पाहिली. म्हणाला, "राणीसाहेब, आता हिला जवाच्या पेजेवाचून तरणोपाय नाही." कोठार उघडलं. गहू होते, तांदूळ होते, जव नव्हते. दासी म्हणाली, "नदीकाठी एक बाई एकटी राहते, तिच्याकडे आहेत." राणी समजली. दासीला म्हणाली, "तूच जा."

दासी गेली. आवडीनं शेरभर जव दिले. आचाऱ्यानं ते तसेच शिजवले. तूस शेवंतीच्या घशात अडकलं, ती गुदमरली.

दासी पुन्हा गेली. आवडीनं शेरभर जव दिले. आचाऱ्यानं कांडले, पण भिजवले नाहीत, मोठ्या जाळावर ठेवले. खाली करपले, आत कच्चे राहिले. शेवंतीच्या पोटात कळा उठल्या.

दासी तिसऱ्यांदा गेली. आवडीनं टोपली उपडी केली, होते ते दिले. आचाऱ्यानं कांडले, भिजवले, शिजवले. पण राजकन्येला पांढरी पेज कशी द्यावी? म्हणून वर तूप घातलं, मसाला घातला, केशर घातलं. घोट पोटात गेला नि उलटून आला. शेवंतीनं डोळे मिटले. म्हणाली, "आई, आता मला काही देऊ नकोस."

मग राणी उठली. पालखी नाही, चवरी नाही, अनवाणी नदीकाठी गेली. आवडी दारात बसली होती. म्हणाली, "या वहिनी. पाट घ्या."

राणी पाटावर बसली नाही. मातीत बसली, तिचे पाय धरले. "वन्सं, माझी लेक चालली. तुम्ही चला, पेज करून द्या."

"मी दोन पावलं चालले तर भोवळ येते. तुम्हीच करा, मी सांगते. आढ्याला बियाण्याचे जव बांधलेत, ते सोडा."

"मला वसा पुन्हा द्या."

"उताल, माताल, टाकून द्याल."

"एकदा टाकलाय, वन्सं. टाकला की काय होतं ते मला कळलंय."

मग आवडी सांगू लागली, राणी करू लागली. जवांना पाण्याचा हात लावला. उखळात घातले, कांडले. राणीच्या तळव्यांना फोड आले, फोड फुटले, तरी मुसळ थांबलं नाही. सुपात घेतले, पाखडले, कोंडा उडाला. चार घटका भिजत घातले. मग आठपट पाणी, बारीक जाळ. फेस आला, काढला. "दाणा बोटांत चेपा, वहिनी. मधला पांढरा ठिपका दिसतो का?" "दिसतो." "मग अजून नाही." पुन्हा चेपला, पुन्हा दिसला. तिसऱ्यांदा चेपला, लोण्यासारखा विरला. राणीनं मीठ घातलं, आल्याचा तुकडा घातला, पेज गाळली.

गाडगं उचललं नि राणी दाराकडे धावली. लेक डोळ्यांपुढं होती. उंबऱ्यात पाय थबकला. पहिली वाटी भुकेल्याला. इथं भुकेलं कोण? तिनं मागं वळून पाहिलं. टोपली उपडी, मडकी रिकामी, चुलीत आज पहिलाच जाळ.

"वन्सं, तुम्ही कधी जेवलात?"

आवडीनं तोंड फिरवलं.

"वन्सं, तुम्हाला विचारते."

"दासी दुसऱ्यांदा आली त्याच्या आदल्या दिवशी. मग होते ते पोरीसाठी राखले. तुम्ही जा वहिनी, पोर वाट बघत असेल."

राणी मागं फिरली. वाटी भरली, फुंकर घातली, आवडीच्या ओठांना लावली. दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. वाटी संपली, मगच राणी निघाली.

शेवंतीला चमच्यानं पेज पाजली. एक चमचा ठरला. दुसरा ठरला. तिसऱ्याला तिनं स्वतः तोंड उघडलं. पहिल्या दिवशी पेज, तिसऱ्या दिवशी मऊ खिमट, पाचव्या दिवशी जवाची भाकरी नि ताक. पान्हा फुटला, बाळ चुरूचुरू पिऊ लागलं.

मग राणी राजापुढं उभी राहिली. "वन्सं तीर्थाला गेल्या नव्हत्या. मी हाकललं." राजा उठला, पायी नदीकाठी गेला. बहिणीला हाताला धरून घेऊन आला. राणीशी मात्र महिनाभर बोलला नाही. राणीनं तेही सोसलं.

सहाव्या महिन्यात नातवाचं उष्टावण झालं. त्याला आवडीच्या मांडीवर बसवलं, राणीनं जवाची खीर केली. आवडीनं बोटानं खीर चाटवली. पोरानं तिचं बोट घट्ट धरलं नि सोडीनाच.

जशी अन्नपूर्णा आई राणीला पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. बाळंतिणीच्या पोटी अन्न ठरो, दारचा भुकेला तृप्त जावो, घरातला भुकेला आधी दिसो. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.