धबधब्याचं चाक

फार पूर्वी एका डोंगराळ गावात धबधब्याच्या पाण्यावर एक लाकडी चाक फिरायचं आणि त्याच्या जोरावर चाळीस माग चालायचे. एवढं रुंद चाक पंचक्रोशीत नव्हतं.

एका उन्हाळ्यात धार बारीक झाली. "आता तू मला पेलवत नाहीस," धबधबा ओशाळून म्हणाला. माग थांबले. विणकर गाव सोडायला निघाले.

चाकाने रखमाजी सुताराला हाक मारली. "मला निम्मं कापून अरुंद कर."

"अरे, तुझ्यामुळेच तर गावाचं नाव आहे!" रखमाजीचा हात उचलेना.

"नाव कापडामुळे आहे. चालव करवत."

अरुंद झालेलं चाक हळूहळू फिरू लागलं. दहाच माग सुरू झाले, पण विणकरांनी गाड्या वळवल्या आणि पाळ्या लावून घेतल्या.

पुढे पाहुणे विचारायचे, "तुमचं ते थोरलं चाक कुठाय?"

गावकरी ताठ मानेने त्या अरुंद चाकाकडे बोट दाखवायचे.