दिवा घालवणारा

“उस्ताद, दिवा तेवढा घालवून देऊ का? माणूस ताटकळलाय.”

“आज काय आहे, दौलत?”

“खंडेनवमी.”

“मग?”

…

आटपाट घाट होता. घाटाच्या माथ्यावर गगनबावडा, आणि गावाच्या वेशीला धुक्यात बुडालेलं एक गॅरेज. तिथं होते एक म्हातारे उस्ताद, बापूलाल शिकलगार. होता त्यांचा चेला दौलत. चेल्याला होती बायको वनिता आणि अडीच वर्षांची पोर कस्तुरी. आणि होता एक पिवळा दिवा, जो कुणालाच नको होता.

हा दिवा गाडीच्या काट्यांपाशी लागतो. इंजिनात काही बिनसलं की पेटतो. काय बिनसलं ते सांगत नाही. तान्हं पोर रडतं ना, तसं. का रडतं ते तुम्ही शोधा.

उस्तादांची सगळी विद्या दौलत शिकला, आणि वर एक स्वतःची शिकला. त्यानं स्कॅनर आणला. हातात मावेल एवढं यंत्र. वायर गाडीला जोडायची, बटण दाबायचं, दिवा गेला. का लागला होता याची चौकशी मागाहून, जमली तर. घाट चढून धापा टाकत आलेले ड्रायव्हर खूश. वैभववाडीपासून साळवणपर्यंत लोकांनी त्याला नाव पाडलं, दिवेघालव्या. दौलतला ते नाव गुळासारखं लागायचं.

उस्तादांनी ते नाव कधी तोंडात घेतलं नाही.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. वर्षभर राबलेली असतात, त्या दिवशी त्यांना कुणी हात लावायचा नाही. पाने, हातोडे, जॅक, सगळं रॉकेलनं धुऊन, पुसून कोऱ्या कापडावर मांडलेलं. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट. दौलतनं आपला स्कॅनर मधोमध ठेवला होता, नवरदेवासारखा.

आणि नेमकी तेव्हाच तळेकरांची गाडी आली. कोकणातून वर आलेली, कोल्हापूरला निघालेली.

“मला दुरुस्ती नको,” तळेकर म्हणाले होते. “दिवा तेवढा बंद करा. ही शेजारी बसते नि सारखी त्याच्याकडे बघते. बघते नि विचारते. घाटभर डोकं खाल्लंन माझं.”

“दिव्याबद्दल विचारतेय,” गाडीतून बाईंचा आवाज आला. “आणि जळका वास येतोय, त्याबद्दलही विचारतेय.”

दौलत हसला. “साहेब, माझं बटण दिव्यावर चालतं. वहिनींवर नाही चालत.”

तळेकरही हसले. गाडीतून कुणी हसलं नाही.

तेवढ्यासाठी तो उस्तादांकडं आला होता, विचारायला.

“हत्यार उचलायचं नाही आज,” उस्ताद म्हणाले.

“स्कॅनर काय हत्यार होय? त्याला ना धार, ना वजन.”

“कुंकू कुणी लावलं त्याला?”

“मीच.”

…

“गाडी उद्यापर्यंत ठेवून घे,” उस्ताद म्हणाले. “तोवर विचार तिला.”

“कुणाला?”

“गाडीला.”

“काय विचारू?”

“काय दुखतंय ते.”

“गाडी बोलते होय, उस्ताद?”

“बोललीच की.”

एवढं बोलून उस्ताद झेंडूची फुलं आणायला गावात गेले. दौलतनं त्यांची पाठ धुक्यात दिसेनाशी होऊ दिली. मग पूजेतून स्कॅनर उचलला. बटणावर कुंकू होतं, ते अंगठ्याला लागलं. अंगठा त्यानं पँटीला पुसला.

दिवा गेला.

तळेकर गेले. पूजा जशीच्या तशी मांडून ठेवली. कुणाला काही कळलं नसतं.

दुपारी वनिता नैवेद्याचं ताट घेऊन आली. कडेवर कस्तुरी. पोर खाली उतरली आणि झेंडूची माळ घेऊन दाराकडं पाठ करून बसली.

ही वनिता आधी फार बोलायची. लग्न होऊन आली तेव्हा शेजारणी म्हणायच्या, दौलतच्या घरात रेडिओ आलाय. मग पोर झाली, आणि तिच्या बोलण्यातली बाकीची गोष्ट सरून एकच उरली.

“अहो, पोर हाकेला वळत नाही.”

“वळेल.”

“मागं भांडं पडलं तरी बघत नाही.”

“खेळात असते. ध्यान नसतं.”

“एकदा कोल्हापूरला दाखवूया ना.”

“गप्प बस. धडधाकट पोरीला नाट लावू नको.”

हे गप्प बस त्यानं जेवताना म्हटलं, निजताना म्हटलं, चारचौघांत म्हटलं. आणि एके दिवशी ती खरंच गप्प बसली. विचारलं तर हं. नाही विचारलं तर तेही नाही.

दौलतला बरं वाटलं. घर कसं शांत झालं.

उस्ताद फुलं घेऊन परतले, त्यांच्या मागोमाग तळेकरांची गाडीही परतली. पण आपल्या पायानं नाही. पुढं एक टेम्पो, मधे दोर, आणि दोराला बांधलेली गाडी, शेपटीतून धूर सोडत.

“दिवा लागला होता का?” दौलतनं विचारलं. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

“नव्हता ना,” तळेकर म्हणाले. “म्हणून तर हाकत राहिलो.”

दौलत बॉनेटवर वाकला. ठिणगी पाडणारी एक कॉइल गेली होती. गाडी मिसिंग मारत, ठोके चुकवत आली होती, कच्चं पेट्रोल मागं जाऊन सायलेन्सरच्या पोटात जळत होतं. सकाळी एक कॉइल बदलून भागलं असतं. आता मागचं सगळंच जळून बसलं होतं. थोडं पुढं गेले असते तर गाडीच पेटली असती, माणसांसकट.

“मी सांगत होते,” बाई म्हणाल्या.

“तू गप्प बस,” तळेकर म्हणाले.

ते शब्द तळेकरांनी आपल्या बायकोला म्हटले. मान वनितेनं खाली घातली.

उस्तादांनी ते पाहिलं. फुलांची पिशवी खाली ठेवली. पूजेतल्या स्कॅनरकडं बघितलं. त्याचं कुंकू पुसलेलं होतं. दौलतच्या पँटीकडं बघितलं.

दौलत वाट बघत राहिला, आता बोलतील, मग बोलतील.

“वनिता बोलत नाही हल्ली,” उस्ताद म्हणाले.

“हो, शांत झालीय,” दौलत घाईनं म्हणाला. विषय बदलला म्हणून त्याला हायसं वाटलं. “आधी सारखं एकच लावलेलं. पोर हाकेला वळत नाही, पोर हाकेला वळत नाही. आता पटलं तिला.”

“पटलं?”

“पटलंच असणार. बोलायची थांबली ना.”

…

उस्ताद उठले. पूजेपाशी गेले. कुंकू लावलेला, फूल वाहिलेला सगळ्यांत मोठा पाना त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. दौलतचे डोळे मोठे झाले. ज्या माणसानं उभ्या जन्मात खंडेनवमीला साधा स्क्रू फिरवला नव्हता, तो पाना घेऊन पोरीच्या पाठीमागं गेला.

आणि सोडून दिला. खाली पत्रा होता.

काय आवाज झाला म्हणता! तळेकर दचकून गाडीला चिकटले. बाईंचा हात छातीवर गेला. छपरावरच्या साळुंक्या उडाल्या, दारातलं कुत्रं रस्ता ओलांडून पळालं.

कस्तुरी झेंडूची पाकळी काढत होती. पाकळी निघाली. मग तिनं दुसरी धरली.

…

“उस्ताद,” दौलत म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. “आज हत्यार…”

“हो,” उस्ताद म्हणाले. “उचललं मी.”

“कस्तुरे,” दौलतनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग घशाच्या शिरा ताणून मारली, आणि ती हाक घाटात जाऊन परत आली. घाटानं ऐकली.

तो फिरून तिच्या पुढ्यात जाऊन बसला. समोर बाप दिसला, तेव्हा पोर हसली. पाकळी त्याच्या पुढं केली.

वनिता रडली नाही. तिचं रडून कधीच झालं होतं, शांत घरात, ज्याचं दौलतला बरं वाटलं होतं.

“उस्ताद, काय करू?”

“तुझ्याकडं बटण आहे ना?”

चिडून नाही म्हणाले. असं एखादं बटण असतं तर बरं झालं असतं, असं त्या घटकेला त्यांनाही वाटत असावं.

…

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला काय काय लावलं. मग त्या बाहेर आल्या आणि विचारलं, “इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात नाही आलं?”

दौलतनं वनितेकडं बघितलं. आता ती बोलेल. मी सांगत होते, असं म्हणेल. तिनं म्हणावं अशी त्याची आस होती. एवढं एक वाक्य ती बोलली असती तर तो सुटला असता.

वनिता पोरीच्या सदऱ्याचं बटण लावत राहिली.

बाईंनी सांगितलं, थोडं ऐकू येतंय, यंत्र लावू. पण बोलणं शिकायचं वय निघून चाललंय. किती हाती लागेल, सांगता येत नाही.

यंत्र बसलं. पोर ते ओरबाडून फेकून द्यायची. वनिता उचलायची, फुंकर घालायची, परत लावायची. आणि दिवसभर तिच्या कानाशी बोलायची. भाकर. पाणी. माऊ. पाय. ज्या बाईनं घरात बोलणं टाकलं होतं, ती पोरीशी बोलून बोलून घसा बसवून घ्यायची. पोर तोंडाकडं बघायची आणि गप्प राहायची.

नवऱ्याशी मात्र हं.

“मीठ आहे का?” “हं.” “निघू मी?” “हं.”

दौलतनं दिवे घालवणं सोडलं. गाडी आली की आधी दार लावून आत बसायचा आणि इंजिन ऐकायचा. बाहेरून कुणी “काय दिवेघालव्या” म्हटलं की काम टाकून मागच्या आडोशाला जाऊन उभा राहायचा. उस्ताद बघायचे. एकदा त्यानं विचारलं, “उस्ताद, गाडीची कॉइल गेली तर बदलता येते. गेलेले दिवस…”

“नाही,” उस्ताद म्हणाले.

पावसाळा आला. गगनबावड्याचा पावसाळा, भिंतींना बुरशी आणणारा. तो गेला तरी पोर हाकेला वळली नव्हती. दौलतनं वाट बघणंही सोडलं होतं. वनितेनं तेवढं सोडलं नव्हतं. भाकर. पाणी. माऊ. पाय.

मग परत खंडेनवमी आली.

तेच कोरं कापड, तेच पाने. स्कॅनर या वेळी कडेला, हातोड्यांच्या मागं. दौलत वाटीत कुंकू कालवत होता. कस्तुरी चिखलाच्या पायांनी कापडाकडं निघाली होती. पलीकडं उंबऱ्यात वनिता उभी होती, हातात नैवेद्याचं ताट.

“कस्तुरे, पाय पूस.”

काही ओरडून नाही. घरात म्हणतात तसंच.

पोर थांबली. मान वळवून आईकडं बघितलं. मग आपल्या पायांकडं बघितलं. आणि दारातल्या पोत्यावर जाऊन एक पाय घासला. मग दुसरा.

…

वनितेनं हातातलं ताट उंबऱ्यावरच टेकवलं.

दौलत उठला. बोटावर ओलं कुंकू तसंच. धावत पोरीपाशी गेला, गुडघ्यांवर बसला. “उस्ताद, सगळ्या हत्यारांच्या आधी याची पूजा. वर्षभर हे राबलंय. याला मधोमध बसवतो.” आणि तिच्या कानातलं यंत्र काढायला त्यानं हात घातला.

“काढू नका.”

वनिता बोलली होती.

“काढलंत की तेवढा वेळ तिला काही ऐकू यायचं नाही. आत्ता कुठं वळलीय.”

एवढं लांबलचक ती त्याच्याशी वर्षात बोलली नव्हती. दौलतचा हात हवेतच राहिला. जुनी सवय जिभेपर्यंत आली, ते दोन शब्द दातांपाशी येऊन उभे राहिले. त्यानं ते गिळले.

“नाही काढत,” तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, “आणखी काय?”

“आणखी पुष्कळ आहे,” वनिता म्हणाली. “साठलंय. घरी चला, सांगते.”

पोर दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. ऐकत होती.

दौलतला हसू आलं की रडू, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बोटावरचं कुंकू सुकायला लागलं होतं. त्यानं बोट वर धरलं.

“मग हे कुंकू कुणाला लावू, उस्ताद?”

उस्ताद मोठ्या पान्यावर फूल ठेवत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं,

“पोर हाकेला वळत नाही, हे आधी कुणी सांगितलं होतं?”