झाकणावरचं जाळं

"पण चुकलं कुठं, बुवा? पान ताजं, बरणी लख्ख, झाकणाला भोकंसुद्धा मोजून पाडलेली. तरी अळी मेली कशी?"

दिगंबर मास्तरांनी काचेची बरणी मठाच्या ओट्यावर ठेवली. तळाशी रुईचं पान आणि त्यावर काळीपिवळी पट्टेरी अळी, वाळून काडी झालेली.

हैबतबुवांनी बरणीकडं पाहिलं.

आता हे मास्तर म्हणजे साधी असामी नव्हे! मुलांनी घरच्या घरी करायच्या प्रयोगांचं पुस्तक लिहिलेला माणूस. 'अळीचं फुलपाखरू होताना पाहा' हा त्यातला चौथा प्रयोग. तो नेमका त्यांच्याच घरात, लेकीच्या डोळ्यांदेखत फसला. बुवांपुढं मात्र मास्तर अजून दिगूच होते. लहानपणी याच ओट्यावर त्यांनी बाराखडी गिरवली होती.

"कावेरी चार दिवस बोलत नाही माझ्याशी." मास्तर ओट्यावर टेकले. "ताटावर येते, जेवते, उठून जाते. नऊ वर्षांची पोर ती..."

"अळीनं काय केलं होतं?"

"एकाएकी खाणं सोडलं. सारखी वर चढून झाकणाला चिकटायची. मला वाटलं, आजारी पडली. खाली काढून पानावर ठेवायचो. की पुन्हा वर! झाकणाला पांढरं जाळंही धरायला लागलं. ते रोज फडक्यानं पुसायचो. स्वच्छता नको?"

"आणि पोर काय म्हणाली?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"म्हणाली, बाबा, तिला भूक नाहीये, तिला वर जायचंय. मी म्हटलं, गप्प बस, पुस्तक कुणी लिहिलंय?"

बुवा उठले. आतून पिठलं-भाकरी आणून मास्तरांपुढं ठेवली.

"खा."

"जेवून आलोय, बुवा."

"खा, दिगू."

मास्तरांनी कसाबसा एक घास घेतला आणि उठायला गेले. बुवांनी खांदा धरून खाली बसवलं, ताट पुढं सरकवलं.

पुन्हा उठले. पुन्हा बसवलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे!

तिसऱ्या खेपेला मास्तर चिडलेच.

"अहो, भूक नाही म्हणतोय ना! जाऊ द्या की मला!"

बुवांनी हात काढून घेतला.

मास्तर उभे राहिले खरे, पण पाय हलेना. नजर बरणीवर गेली ती तिथंच राहिली...

बुवांनी झाकण काढून उलटं केलं. आतल्या कडेला, फडकं पोचलं नव्हतं तिथं, नखाएवढं पांढरं रेशीम उरलं होतं.

"हे कशाला विणलं होतं तिनं?"

"...लटकायला. उलटी लटकून कोश करतात त्या."

"ठाऊक होतं तुला?"

"पुस्तकात लिहिलंय की मी." मास्तरांचे डोळे भरून आले. "दुसऱ्या पुस्तकांतून वाचून लिहिलं, बुवा. अळी कधी पाळली नव्हती. पोरीनं मात्र बरणीपुढं बसून सगळं पाहिलं होतं..."

ताटातलं पिठलं निवून गेलं.

"आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

बुवांनी झाकण त्यांच्या हातात ठेवलं.

"हे दे तिला. आणि वाटेत पुसू नकोस."