काळी तीन

“...मग काय करू, बुवा? नुसते ओठ हलवू, की पट्टी उतरवू?”

शशिप्रभाबाई मणेरीकर हे विचारत होत्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि दुपारी चारला त्यांचा प्रयोग होता.

विष्णुबुवा हळबे सावंतवाडीच्या आपल्या घरात सुपारी कातरत बसले होते. वय शहाऐंशी. उभा जन्म नाटक कंपन्यांत ऑर्गन वाजवण्यात गेलेला. त्यांना कुणी विसरभोळं म्हणावं, तर चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या गावी कोण किती बेसूर झालं होतं, हे तारखेसकट ऐकवायचे.

बुवांनी नवी सुपारी घेतली. अडकित्ता चालूच राहिला.

बाईंना असं ताटकळायची सवय नव्हती. असणार कशी? रंगभूमी गाजवली, संगीत नाटक गाजवलं, सिनेमा गाजवला. राणी झाल्या, कोळीण झाल्या, पोलीस इन्स्पेक्टर झाल्या. मालिकेतली सासू तर अशी वठवली, की भर भाजीबाजारात बायकांनी त्यांच्याशी भांडण काढलं! जी भूमिका घेतली तिचं सोनं केलं.

पण गेल्या साली गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं सुधारलं, गाणंही बरंचसं परत आलं. फक्त वनवासातल्या राणीचं ते पद, ज्याच्यावर त्यांचं नाव झालं होतं, त्यातला वरचा सूर धरायला गेलं की आवाज फाटायचा.

आणि आज नेमकं तेच पद गायचं होतं. सत्काराचा प्रयोग. सगळी तिकिटं खपलेली.

“समितीवाले म्हणतात, जुनी रेकॉर्ड लावू, तुम्ही ओठ हलवा. सिनेमात हलवलेच की जन्मभर.”

“मग हलव.”

“सिनेमात पडदा असतो, बुवा. इथे समोर माणसं बसतात.”

“मग पट्टी उतरव.”

“लोक म्हणतील, शशिप्रभा संपली.”

“आणि ओठ हलवलेस तर?”

बाईंनी खाली पाहिलं. “...तर तेच मी म्हणेन.”

पट्टी म्हणजे पेटीवरचा तो सूर, ज्याला ‘सा’ मानून गायचं. बाईंची पट्टी काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी. भलतीच उंच. त्या पट्टीत गाते म्हणून बाई अर्धं आयुष्य मान ताठ ठेवून चालल्या होत्या. गवयाला एक वेळ दागिना उतरव म्हणा, पट्टी उतरव म्हणू नका.

“ती माझी पट्टी आहे, बुवा. काळी पाच.”

“तुझी?”

एवढंच म्हणून बुवा उठले आणि खोलीच्या कोपऱ्यात गेले. तिथे कंपनीचा जुना ऑर्गन होता. कंपनी बुडाली तेव्हा बुवांनी तेवढा मागून घेतला होता. पायांनी भाता मारायचा, हातांनी वाजवायचा. त्यांनी झाकण उघडलं.

“आवाज किती आहेत तुझ्याकडे?”

“मोजले नाहीत.” बाई थोड्या फुलल्या. “लागेल तो लागतो.”

“ऐकव बघू.”

असं म्हटल्यावर त्या काय मागे सरणार! पदर खोचला आणि राणी बोलली, भिंती थरारल्या. मग कोळीण खेकसली. मग सासूने असा एक टोमणा मारला, की स्वयंपाकघरात बुवांची सून पोळी लाटता लाटता खळखळून हसली.

“वा! झकास!” बुवा मनापासून म्हणाले. “आता तू बोल.”

“मीच तर बोलतेय.”

“ही राणी बोलली.”

बाईंनी घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं. “बुवा, मी...”

“ही मुलाखतीतली.”

“अहो, पण...”

“ही सासू.”

बाई चिडल्या. मग रडकुंडीला आल्या. मग चक्क घाबरल्या. एकसष्ट वर्षांची बाई, शंभर जणींचे आवाज गळ्यात, आणि आपला कुठला ते काही केल्या सापडेना. त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तोंड लपवायलाच गेल्या होत्या, खरं तर.

बुवाही थांबले. ऑर्गनवर हात ठेवून नुसते बसले...

खिडकीखाली बाईंचा ड्रायव्हर, पास्कल, गाडी सावलीत घेत होता.

“अरे पास्कल!” बाई ओरडल्या. “मेल्या, माडाखाली गाडी लावतोस? वर नारळ दिसत नाहीत? डोकं फुटलं म्हणजे कळेल! काढ आधी तिथनं!”

वाक्य संपतंय तोच बुवांचं बोट पडलं.

एकच सूर. लांब. बाईंची हाक जिथे संपली होती, तो सूर नेमका तिथूनच पुढे चालू राहिला, जणू त्यांच्याच गळ्यातून निघाला होता.

बाई वळल्या.

बुवांचं बोट काळी तीनवर होतं. तिथून दोन काळ्या वर, पाचवर, कुंकवाची एक टिकली, इतकी पुसट की ठाऊक असेल त्यालाच दिसावी.

“ती टिकली कुणी लावली, आठवतं?”

“तुम्हीच लावली होती. माझी पट्टी चुकू नये म्हणून.”

“लावली मीच. कधी?”

बाई आठवू लागल्या. मग आठवलं, आणि त्या धप्पकन खुर्चीत बसल्या.

एकोणीस वर्षांच्या होत्या. कंपनीत दासीचं काम, हातात पंखा आणि तोंडाला कुलूप. त्या दिवशी नायिका कुमुदिनीबाई तापाने फणफणल्या. तिसरी घंटा व्हायला आलेली. मालकांनी हिच्या अंगावर राणीचा शालू चढवला आणि दिलं ढकलून. बाहेर फलकावर नाव कुमुदिनीबाईंचं. ऑर्गनवर टिकली कुमुदिनीबाईंच्या पट्टीवर. पोरीने जिवाच्या करारावर तिथूनच सूर उचलला आणि वन्समोअर घेतला! त्या गडबडीत तू कोण, कुठली, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. पुढे फलक बदलला, शालू बदलले, टिकली मात्र तिथेच राहिली.

“बेचाळीस वर्षं...” बाई पुटपुटल्या. “बुवा, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं नाहीत कधी?”

“आज विचारलंस.”

बाईंना राग आला. असा आला की पुन्हा आयुष्यात या घराची पायरी चढू नये. पण काळी तीन अजून वाजत होती, म्हातारा भाता मारत होता, आणि गळा आपसूक त्या सुरात जाऊन बसला. बाईंनी हलकेच गुणगुणून पाहिलं. कुठेच ताण नव्हता.

“चारला वाजवणार कोण?” त्यांनी विचारलं.

“आमच्या पायांना काय धाड भरलीय?” बुवा म्हणाले.

दुपारी नाट्यगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समितीचा माणूस विंगेत रेकॉर्डच्या यंत्रापाशी बसला होता, बोट बटणावर. पुढे ऑर्गनवर विष्णुबुवा. त्यांना पाहूनच निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वनवासाचा प्रवेश आला. राणी एकटी, अंगावर वल्कलं. यंत्रावरच्या माणसाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवून त्याला नको म्हटलं.

बुवांनी सूर दिला. काळी तीन.

पहिल्या रांगेत नाटकाचे जुने दर्दी बसले होते. त्यातले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, आणि अख्ख्या नाट्यगृहाने ऐकलं, “पट्टी उतरली हो बाईंची!”

बाईंनीही ऐकलं. एकोणिसाव्या वर्षी पाहिलं होतं तसं त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा सुरावर बोट ठेवून शांतपणे भाता मारत होते...

बाईंनी पद उचललं.

सगळे दचकले, कारण हा आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता. रुंद, भरलेला, थोडा खरबरीत. राणी रानात आपल्या माणसाला हाक मारत होती, आणि ती हाक अशी येत होती, की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, मलाच बोलावतेय. वरचा सूर आला. बाई सावकाश चढल्या, तिथे टेकल्या आणि थांबल्या. आवाज फाटला नाही. तिथून हलावं असं त्यांना वाटेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही फुटत होतं. इतका आनंद त्यांना कुठल्याच पारितोषिकाने दिला नव्हता.

पद संपलं.

मग सगळ्यांत आधी ते पहिल्या रांगेतले आजोबाच काठी टेकत उभे राहिले. “वन्समोअर!”

आणि छप्पर उडायचंच बाकी राहिलं. बाईंनी ते पद तीनदा म्हटलं. चौथ्यांदाही लोक मागत होते, तेव्हा बुवांनीच पाय दुखतात म्हणून भाता थांबवला. बाहेर पास्कल म्हणे गेटवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, “आमच्या बाई गातायत!”

पडदा पडल्यावर रंगपटात ही गर्दी झाली. हार, शाली, फोटोवाले. बाई सगळ्यांना बाजूला सारत बुवांपाशी गेल्या. वल्कलांसकट वाकल्या, पायांवर डोकं ठेवलं.

“बुवा... कसं झालं?”

बुवांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. बाईंची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि बराच वेळ निरखून पाहिला.

“छान गातेस गं,” ते म्हणाले. “नाव काय तुझं, मुली? पहिल्या प्रयोगाला विचारायचं राहून गेलं होतं.”