नवी सुरी आणि धारेचा दगड

वस्तू माणसांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. इंदिराक्कांच्या खानावळीत दुकानातून एक नवी, चकचकीत सुरी आली. ओट्यावरचा धारेचा दगड तिला म्हणाला, "ये, जरा घासून घे."

"मला कशाला? मी कारखान्यातूनच धार लावून आले आहे," सुरी म्हणाली. खरं तर अंगावर ओरखडे उठतील, याचीच तिला भीती वाटत होती.

अक्कांनी पिकलेला टोमॅटो चिरायला घेतला. साल कापली जाईना. टोमॅटो दबला आणि रस ओट्यावर सांडला. "नुसती दिसायला सुरी आहे. संध्याकाळी दुकानात परत देते," अक्का म्हणाल्या.

सुरीचं अवसान गळालं. तिने दगडाला हळूच विचारलं, "घासल्यावर मी झिजेन ना?"

"थोडी झिजशील," दगड म्हणाला. "तुझ्याबरोबर मीही झिजेन."

मग सुरी म्हणाली, "अक्का, परत द्यायच्या आधी मला एकदा दगडावर घासून बघा."

अक्कांनी दगडावर पाणी शिंपडून तिला घासलं. पात्यावर बारीक रेघा उमटल्या. दुसऱ्या टोमॅटोच्या पातळ चकत्या ताटलीत पडू लागल्या, तेव्हा त्या रेघांकडे सुरीचं लक्षही गेलं नाही.