ळ म्हणा, चिंचोका घ्या

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की नदीला तेव्हा नावही पडलेलं नव्हतं. त्या नदीकाठी एक गाव होतं आणि गावाने खणलेला एक पाट होता. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाटकरी. दर वर्षी गाव त्याला निवडायचं. देवळापुढे मडकी मांडायची, प्रत्येकाने एक चिंचोका घ्यायचा आणि मनातल्या माणसाच्या मडक्यात टाकायचा, एवढाच रिवाज.

एका वर्षी नदीपलीकडचा एक मीठवाला तिथून चालला होता. रांग दिसली, त्याला वाटलं प्रसाद वाटताहेत. तो उभा राहिला, हातात चिंचोका आला, पुढच्याने टाकला तसा त्यानेही टाकला. प्रसाद म्हणून नुसता चिंचोका, तोही मडक्यात टाकायचा, असं नंतर त्याने स्वतःच हसत हसत सांगितलं.

पण गावाला बोलायला निमित्त लागतं. एका मीठवाल्याचे दहा झाले, दहांची वरात झाली. पलीकडचे लोक येऊन आपला पाटकरी निवडतात, असं जो तो छातीठोकपणे सांगू लागला. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. दुसरे म्हणत, असलं काही घडलंच नाही. तेही खरं नव्हतं. एक चिंचोका पडला होताच.

गावचा पाटील वाईट नव्हता, भ्यालेला होता. त्याने दवंडी पिटवली की ज्याला ‘काळ्या तळ्यात पिवळं कमळ’ असं स्वच्छ म्हणता येईल, तोच गावचा आणि त्यालाच चिंचोका.

आता पाटाच्या शेवटाला एक वस्ती होती. होती याच गावची, पण तिथल्या जिभेला ळ वळतच नसे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे डोळ्याला डोला म्हणत. पाटलाची शेतं पडली पाटाच्या तोंडाशी, त्यामुळे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या वर्षी निवडीच्या दिवशी त्या वस्तीतली एक म्हातारी पहाटेच निघाली. तिचं मिरचीचं रान पाटाच्या अगदी टोकाला. शेवटपर्यंत पाणी पोचवणारा पाटकरी निवडून आला नाही, तर ती मिरची उभी जळणार होती.

पाटील म्हणाला, “म्हणा, आजी.”

“काल्या तल्यात पिवलं कमल.”

लोक हसले. पाटलाने तिला बाजूला व्हायला सांगितलं. मग तिच्या मागची सगळी वस्तीच एकामागून एक बाजूला झाली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती घरी गेली नाही. तिथेच बसून राहिली.

तेवढ्यात तोच मीठवाला आला. रांग पाहून भाबडा पुन्हा उभा राहिला. विचारल्याबरोबर त्याने ‘काळ्या तळ्यात पिवळं कमळ’ असं खणखणीत म्हटलं. पाटलाने खूश होऊन त्याच्या हातावर चिंचोका ठेवला.

त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. “यंदाही प्रसाद एवढाच का हो?”

आता कुणी हसलं नाही. म्हातारी उठली आणि पाटलासमोर येऊन उभी राहिली.

“पाटीलबाबा, ह्या पाटाची माती मी डोईवरून वाह्यली. तुम्ही निवडायला बसलात खरे, पन गहू टाकलात आन् खडा ठेवलात.”

पाटलाची मान खाली गेली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. चूक झाली असं त्याने सगळ्यांसमोर म्हटलं, मडकी रिकामी केली आणि रांग पुन्हा लावली. यावेळी प्रत्येकाला एकच विचारलं: तुझं घर कुठलं आणि शेजारी कोण? शेजाऱ्याने होकार दिला की चिंचोका हातात. वस्तीतला एकही माणूस मागे राहिला नाही. मीठवाल्याला मात्र कुणी शेजारी सापडेना. त्याला गावाने गूळपाणी दिलं आणि तो खुशीत आपल्या वाटेने गेला.

त्या वर्षी पाणी टोकापर्यंत पोचलं. म्हातारीने लाल मिरचीची पहिली टोपली नेऊन पाटलाच्या दारात ठेवली आणि ती मिरची खाताना पाटलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिखटच होती तेवढी.

तात्पर्य: निवडताना खडा जरूर वेचावा, पण खड्याच्या भीतीने गहू फेकू नये.