‘वैधव्य’ नावाचे छायाचित्र

“...मग तिच्या नाकाला झालं काय?”

यदुनाथ घारपुरे क्षणभर गोंधळला. उस्ताद डोळ्यांविषयी विचारतील, असे त्याने गृहीत धरले होते. डोळ्यांविषयी काय बोलायचे याची वाटभर उजळणीही केली होती.

“नाकाला?”

“हो, नाकाला. डोळे दिसले मला. नाक कुठं गेलं?”

उस्ताद दस्तगीर मिरजकर आपल्या बंद झालेल्या स्टुडिओच्या पायरीवर बसले होते. मांडीवर यदुनाथने आणलेले कृष्णधवल छायाचित्र होते. जन्मभर रसायनांत बुडून तपकिरी झालेली त्यांची बोटे छायाचित्राच्या कडांवर स्थिर होती. मधल्या भागाला त्यांनी स्पर्शही केला नव्हता. तशी त्यांची शिस्तच होती.

चित्रात एक अस्वल मागच्या पायांवर उभे होते. उजवा पंजा कपाळाला टेकलेला, डावा निर्जीवपणे लोंबणारा. मान किंचित वर, डोळे ओलसर. बाकी सारा काळोख.

खाली यदुनाथने आपल्या वळणदार अक्षरात नाव घातले होते : ‘वैधव्य’.

गेल्या पावसाळ्यात गावच्या प्राणिसंग्रहालयातला अस्वलाचा नर मेला. मादी मागे उरली. यदुनाथ तेव्हापासून तिच्या पिंजऱ्यापुढे जाऊ लागला. तिथले लांडगे, मोर, माकडे, म्हातारा बिबट्या, सगळ्यांची चित्रे त्याने काढली. परंतु हिच्याइतके दुःख कुणीही त्याच्या हाती दिले नाही. जाणत्या मंडळींनी या चित्रापुढे उभे राहून माना हलवल्या होत्या. एका बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला होता.

प्रदर्शन परवा उघडायचे होते. निमंत्रणपत्रिका छापखान्यात अडकून पडली होती ती केवळ एका ओळीपायी : ‘उस्ताद दस्तगीर मिरजकर यांचे शिष्य’.

उस्तादांनी आजवर कुणालाही शिष्य म्हटलेले नव्हते. त्यांच्या अंधाऱ्या खोलीत कामे शिकून पुष्कळजण गेले. काहींनी नाव काढले. पण तो शब्द कुणाच्या पदरात पडला नाही. यदुनाथने त्या शब्दासाठी प्राध्यापकी सोडली, असे त्याची पत्नी चारचौघांत म्हणत असे. तो हसण्यावारी नेई. ते खोटे मात्र नव्हते.

“नाक मीच काळोखात बुडवलं,” तो म्हणाला. “छापताना तेवढा भाग जास्त वेळ प्रकाशाखाली धरला. काळा होऊन गेला.”

“का?”

“तिथं एक डाग होता. पाहणाऱ्याची नजर डोळ्यांवर ठरत नव्हती. सारखी नाकाकडे ओढली जायची.”

“मग जाऊ द्यायची होतीस.”

“उस्ताद, रचना म्हणून काही असतं की नाही?”

“असतं तर. मी कुठं नाही म्हटलं?”

उस्तादांनी छायाचित्र बाजूला ठेवले. फार हळू ठेवले.

“न बुडवलेलं आहे?”

यदुनाथने पिशवीतून नमुन्याचा कागद काढला. फिल्मवरची सगळी चित्रे त्यावर टपालाच्या तिकिटाएवढी, एकमेकांना लागून उमटली होती. उस्तादांनी भिंग डोळ्याशी नेले. एका चित्रावरून ते दुसऱ्यावर गेले, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर... मग पुन्हा पहिल्यावर आले.

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

“सगळीकडे तेच आहे की रे.”

“काय?”

“पंजा कपाळाला. मान वर. पहिल्यातही तेच, शेवटच्यातही तेच.”

“दुःख खोल असलं की ते बदलत नाही,” यदुनाथ म्हणाला. वाक्य त्याचे त्यालाच आवडले. पत्रिकेच्या पाठीमागे छापण्याजोगे होते.

उस्तादांनी भिंग खाली ठेवले.

“आमची बेगम गेली तेव्हा मी पुष्कळ रडलो. कधी तोंड वाकडं व्हायचं, कधी नाक गळायचं. मध्येच चहा मागायचो. मध्येच कशाचं तरी हसू यायचं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकसारखा चेहरा मी एकाच ठिकाणी पाहिला आहे.”

“कुठं?”

“इथं, आत. लग्न जमवायला म्हणून फोटोला आणलेल्या मुलींचा.”

यदुनाथ नमुन्याचा कागद पिशवीत घालू लागला.

“चल,” उस्ताद काठीवर भार देत उठले.

“कुठं?”

“तिच्याकडे. तुझी ओळख आहे. माझी कुठं आहे?”

प्राणिसंग्रहालय एके काळी संस्थानिकांच्या हौसेने उभे राहिले होते. आता ते नगरपालिकेच्या गळ्यात पडले होते. हौद कोरडे होते. सुसरींच्या तळ्यावर शेवाळ साचले होते, आणि त्याखाली सुसरी आहेत की नाहीत, याची कुणी खात्री देत नव्हते. आभाळ राखेच्या रंगाचे झाले होते. बिबट्याच्या पिंजऱ्यातून येणारा उग्र दर्प पार फाटकापर्यंत पोचत होता.

“आलात का सर?” फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. “काल आला नाहीत, तर आमची जनावरं नटून बसली होती.”

“आज गुरुजींना घेऊन आलो आहे.”

“मग आज सगळे शहाण्यासारखे वागतील बघा.”

अस्वलाचा पिंजरा अगदी टोकाला होता. आत सिमेंटची खोटी गुहा होती. तिच्या तोंडाशी मादी पडली होती. माणसांकडे पाठ, भिंतीकडे तोंड. शेजारी सकाळची भाकरी तशीच वाळत होती. गजांवरच्या फलकावर लिहिले होते : ‘अस्वल (मादी). नाव : भागू. वन खात्याकडून प्राप्त’.

उस्ताद कठड्याशी उभे राहिले.

“रोज अशीच असते?”

“मी येईपर्यंत,” यदुनाथ म्हणाला. त्याच्या स्वरात नकळत ताठा उतरला. “मी आलो की उठते. मला ओळखते ती.”

“मग दे की ओळख.”

यदुनाथ कॅमेऱ्याचे कातडी आवरण सोडू लागला.

“तो राहू दे. त्याआधी काय करतोस?”

“आधी उजेड मोजतो.”

“मोज.”

यदुनाथने खिशातून प्रकाश मोजण्याचे यंत्र काढले. ते तळहातात लपण्याइतके लहान होते. नेहमीच्या सवयीने त्याने हात लांब केला आणि कपाळाच्या उंचीवर, पिंजऱ्याच्या दिशेने उचलून धरला.

भागूचा कान हलला.

ती वळली. घाई अशी तिने केली नाही. आधी पुढचे पाय जमिनीवर रोवले, मग अंग उचलले, मग एक पाऊल पुढे आली. आणि मागच्या पायांवर उभी राहून तिने उजवा पंजा कपाळाला टेकवला.

“अगं बाई! सलाम करतंय बघा!”

शेजारी एक वयस्कर जोडपे येऊन थांबले होते. बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

“करणारच,” नवरा म्हणाला. “तुझा दरारा इथवर पोचला म्हणायचा.”

“बघा, जरा शिका त्याच्याकडून.”

“मी रोजच करतोय की. तुला कुठं दिसतं?”

हसत हसत दोघे मोरांकडे निघून गेले.

यदुनाथचा हात तसाच अधांतरी राहिला. ‘सलाम’ हा शब्द इथे पूर्वीही त्याच्या कानांवर पडला होता. रिकामटेकड्यांची थट्टा म्हणून त्याने तो सोडून दिला होता.

आता भागूने मान वर केली होती. कलत्या उजेडात तिचे नाक स्पष्ट दिसत होते. नाकाडाच्या वरच्या बाजूस करंगळी जाईल एवढे भोक होते. कडा जुन्या, कडक, पांढुरक्या झालेल्या.

“लहानपणी आमच्या मोहल्ल्यात दरवेशी यायचा,” उस्ताद म्हणाले. ते यदुनाथकडे पाहत नव्हते. “अस्वलाच्या नाकातून दोरी घातलेली असायची. आई त्याच्याकडून अस्वलाचा एक केस मागून घ्यायची. ताइतात घालून आमच्या गळ्यात बांधायची. आम्ही भिऊ नये म्हणून.”

त्यांनी काठी कठड्याला टेकवली.

“खेळ संपत आला की तो काठी काखेत मारायचा आणि हात असा वर करायचा... तुझ्यासारखा. मग अस्वल उभं राहून सगळ्यांना सलाम करायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो.”

“आणि नाही केला तर?”

“दोरी त्याच्याच हातात असायची ना.”

चटका बसावा तसा यदुनाथने हात खाली घेतला.

त्याला आपली सगळी चित्रे आठवली. सकाळची, दुपारची, पावसातली, उन्हातली. प्रत्येक वेळी आधी त्याचा हात वर गेला होता. मग ती उठली होती. मग त्याने ते दुःख टिपले होते.

“म्हणजे नर गेल्याचं तिला काहीच...”

“ते मला कसं ठाऊक असणार? वाटतही असेल.” उस्तादांनी काठीने गुहेकडे खूण केली. भागू मघाशी जिथे पडली होती, तिथली माती दबून गुळगुळीत झाली होती. “वाटत असेल, तर ते ती तिकडे तोंड करून करत असेल.”

दूर कुठेतरी माकडांनी एकदम गिल्ला केला आणि एकदम थांबवला.

भागू उभीच होती.

“फोटो काढून झाला की किती वेळ उभी राहायची?” उस्तादांनी विचारले.

“मी...” यदुनाथने हातातल्या यंत्राकडे पाहिले. “पाहिलं नाही कधी. सामान आवरून निघायचो. उजेड असेतो पुढचा पिंजरा गाठायचा असायचा.”

उस्तादांनी मान डोलावली. त्यात ठपका नव्हता. असता तर यदुनाथला बरे वाटले असते.

त्याने यंत्र खिशात टाकले. हात पाठीमागे नेले. भागू उभी. तो दोन पावले मागे सरला. ती उभी. कॅमेऱ्याची पिशवी त्याने खांद्यावरून काढून झाडामागे नेऊन ठेवली, जणू तीच सगळ्या अपराधाचे मूळ होती. परत आला तेव्हा भागूचे मागचे पाय थरथरत होते, आणि पंजा कपाळावरून तसूभरही ढळला नव्हता.

“बस,” तो हलकेच म्हणाला. भोवती कुणी नव्हते, तरी त्याला लाज वाटली. “भागू... बस आता. झालं.”

त्याने तळवा खाली दाबून दाखवला. आपण लहान मुलांना गप्प बसवताना दाखवतो तसा.

तिने तो हात पाहिला. मग मोठ्या कष्टाने डावा पंजाही उचलून कपाळाशी नेला.

यदुनाथने दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरले. पुन्हा काही हलवण्याचे धाडस त्याला होईना.

“उस्ताद, दरवेशी काय करायचा? तिला खाली बसवायला?”

“सलाम झाला की आम्ही घराकडे पळायचो,” उस्ताद म्हणाले. “पुढचं कुणीच पाहिलं नाही.”

“तिला माझी भीती वाटते... आणि मी त्या भीतीलाच दुःख...”

वाक्य पुरे झाले नाही. उस्तादांनीही ते पुरे करून दिले नाही.

फाटकाकडून शिटी वाजली. बंद होण्याची वेळ झाली होती. “चला, चला,” पहारेकरी लांबून ओरडत होता, “उद्या या, ती काही पळून जात नाही!”

उजेड आता फार थोडा उरला होता. काळ्या अंगाभोवतीचा काळोख हळूहळू दाट होत चालला होता. यदुनाथने जे चित्र छापताना मुद्दाम घडवले होते, तेच आता त्याच्यासमोर आपोआप उभे राहत होते. तेवढे एक नाक मात्र काही केल्या बुडत नव्हते.

“उस्ताद,” त्याने खालच्या आवाजात विचारले, “परवा ते चित्र लावू की नको?”

उस्ताद भागूकडे पाहत होते.

“निदान नाव बदलू?”

...

“आणि पत्रिकेतली ती ओळ? छापखानेवाला थांबला आहे.”

उस्ताद दस्तगीर मिरजकरांनी कठड्यावरचा हात काढला, काठी सावरली आणि ते फाटकाच्या दिशेने वळले.

“आधी तिला खाली बसव.”